नदी सरकली, आता हद्द कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हायवेनं कोल्हापूरहून कराडकडं निघालं की किणीचा टोलनाका सोडल्यावर वारणेचा पूल लागतो, आणि तिथं जिल्हा बदलल्याची पाटी. चाळीस वर्षं झाली मी त्या पुलावरनं जातोय, आधी एष्टीनं, मग मोटारसायकलवरनं, आता पोराच्या गाडीतनं, पण जिल्हा नेमका कुठं संपतो हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पाटीपाशी, पुलाच्या मधोमध, का पलीकडच्या काठाला? तो पडला २०१९ च्या पुरानंतर. कारण आमचं रान तिथंच जरा खालच्या अंगाला काठावर आहे आणि त्यातलं साडेसात गुंठं त्या ऑगस्टात नदीनं नेलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं आणि राहिलेला काठ पण ढासळला.

नेलं म्हणजे काय, नदी काय खिशात घालून नेत नाही. आमच्याकडची माती कापली आणि समोरच्या काठाला गाळ टाकला, तिथं दोन वर्षांत झकास मळी तयार झाली. समोरचा काठ म्हणजे सांगली जिल्हा. तिथं रान आहे माझ्या आत्तेभावाचं. वारणाकाठाला हे असंच, निम्मे सोयरे अलीकडं निम्मे पलीकडं, लग्नं ठरवताना जिल्हा कोण बघत नाही. त्यानं त्या नव्या मळीत ऊस लावला. मी एकदा बंधाऱ्यावरनं पलीकडं गेलो, चहा झाला, मग म्हटलं, अण्णा, हे माझं रान हाय न्हवं? तर तो हसला, म्हणाला, "व्हय की, तुझंच. पन चालत आलंय माझ्या दारात, मी काय वढून आनलंय?" भांडण नाही झालं, तेवढी आमच्यात माया आहे. पण सातबारा माझा, शेतसारा माझा, आणि ऊस त्याचा. हे काय कोडं आहे ते सोडवायला गेलो आणि गेली तीन-चार वर्षं हद्द या विषयात अडकलो, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट तुमच्या हातात.

घरात आजोबांचं जुनं खरेदीखत आहे. त्यात चतुःसीमा लिहिलीय. पूर्वेस ओढा, दक्षिणेस पाणंद, पश्चिमेस शेजाऱ्याचा बांध आणि बांधावरचं आंब्याचं झाड, उत्तरेस वारणा नदी. वाचताना लई बरं वाटतं, सगळं डोळ्यासमोर येतं. आता रानात जाऊन बघा. ओढा दोन्ही बाजूनं दाबत दाबत गटारीएवढा झालाय, पाणंद निम्मी नांगरटीत गेलीय, आंबा २००५ च्या पुरात पडला. आणि उत्तरेस वारणा, ती तर स्वतःच उठून चालायला लागली. चारातली एक बाजू धड नाही. कागदावर मात्र चौघीजणी जागच्या जागी.

हद्द कायम मोजणीचे पैसे भरले. बऱ्याच हेलपाट्यांनी तारीख मिळाली आणि भूकरमापक आला, तरणं पोरगं, खांद्यावर ते उपग्रहावरनं जागा मोजायचं रोव्हरचं मशीन. पहिलाच प्रश्न, "काका, एखादी कायम खूण दाखवा की." मी म्हटलं ही काय समोर नदी. तर तो म्हणाला, "नदी कायम नसते काका." कॉलेजमधून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं, पण बोललं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग शेजारच्या आबांना आणलं. वय ब्याऐंशी, डोळ्याला कमी दिसतं पण डोकं शाबूत. आबांनी काठी टेकत बाभळीपर्यंत नेलं, तिथून जुन्या विहिरीकडं तोंड केलं, आठ पावलं मोजली आणि म्हणाले, हितं हाय, वकरा. पोरांनी पहार आणि टिकाव घेतला. एक फूट, दोन फूट, सगळा गाळ. दोन पुरांचा गाळ म्हणजे थोडा नव्हं. अडीच फुटाला पहार खणकन वाजली. दगड! वरचं अंग घडवलेलं, मधोमध छिन्नीनं मारलेली फुली, अजून बोटाला लागत होती. आबा खाली बसले आणि हातानं माती पुसली, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत निम्मं गाव बघून गेलं. तिथनं मोजणी धरली. जुन्या मोजणीच्या टिपणाशी जुळवून आकडे आल्यावर त्या पोरानं पाण्याकडं हात केला, ती वाळकी फांदी अडकलीय ना काका, तिच्या जरा पलीकडं तुमची उत्तरेची हद्द. म्हणजे पाण्यात. आणि जी मळी वर आलीय तिचं काय विचारलं तर म्हणाला, तो पलीकडचा जिल्हा, तिथं आमचं मशीन लावायची आम्हाला ऑर्डर नाही. पलीकडच्या ऑफिसात गेलो तर तिथं म्हणाले, अर्ज तुमच्या बाजूनं यायला पाहिजे. ऑफिसांची नावं लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती, एकानं तर चहा पाजला.

आता ही वारणा हद्द आजची नाही बरं का. १७३१ साली छत्रपती शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात तह झाला तो वारणेचाच तह. भाऊबंदकी मिटवायला नदी मधी घातली, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा, उत्तरेचा साताऱ्याचा. शाळेत आपण मार्काला वाचतो आणि विसरतो. पण बघा, मधे पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, १९४९ ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, एवढी उलथापालथ होऊन सुद्धा हद्द बऱ्याच लांबीत तीच, वारणा. जवळजवळ तीनशे वर्षं! दोन राजांनी ओढलेली रेघ आज माझ्या आणि आत्तेभावाच्या उसातनं जाते, हे मला तरी भारी वाटतं. राजांच्या कामाला ती रेघ बरोबरच होती, त्यांना किल्ले आणि ठाणी वाटायची होती, गुंठे नाही.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये. फोनवर हे रडगाणं ऐकून तो म्हणाला, मामा आमच्याकडं काउंटीची हद्द कायद्याच्या पुस्तकातच लिहिलेली असते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. त्यानं वाचून दाखवलं. अमक्या नदीच्या मुखापासून सुरू, तिथून पात्राच्या मधोमध वर, तिथून डोंगराच्या कण्यावरनं, तिथून पूर्वेला, आणि परत सुरुवातीच्या जागी. अगदी आपल्या खरेदीखताची चतुःसीमा, फक्त जिल्ह्याएवढी मोठी! तिथल्या क्लार्क काउंटीला दक्षिणेला आणि पश्चिमेला कोलंबिया नदी, उत्तरेला लुईस नदी. किंग काउंटीची पूर्वेची हद्द कॅस्केड डोंगराच्या माथ्यावरनं जाते, म्हणजे आपला सह्याद्रीच की. गगनबावड्याला घाटमाथ्यावर उभं राहा, एका बाजूचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचं कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला. डोंगर बिचारा हलत नाही, म्हणून डोंगराच्या हद्दीवर फारशी भांडणं नसतात. नदीचं तसं नाही.

आणि अमेरिकेत नदीनं जे घोळ घातलेत ते ऐकून मला जरा धीर आला, खोटं कशाला बोलू. इलिनॉय राज्यात कॅस्कॅस्किया नावाचं गाव आहे, १८१८ साली राज्याची पहिली राजधानी ते. १८८१ ला मिसिसिपीनं पात्र बदललं, जुनं गाव बरंचसं धुऊन गेलं आणि उरलेला तुकडा गेला नदीच्या पलीकडं, मिसुरी राज्याच्या अंगाला. पण हद्द हलली नाही. आज तिथं वीस-एक माणसं राहतात, ती इलिनॉयच्या रँडॉल्फ काउंटीतच मोजली जातात, आणि स्वतःच्या गावाला जायचं तर मिसुरीतनं जावं लागतं. दुसरं गाव कार्टर लेक. ते आयोवा राज्याचं, पण मिसुरी नदीनं १८७७ ला एका झटक्यात वळण तोडलं आणि गाव पडलं नेब्रास्काच्या ओमाहा शहराच्या कुशीत. ओमाहातनं तिथल्याच विमानतळावर जाताना मधेच दुसरं राज्य लागतं म्हणे. ते भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८९२ ला निकाल लागला. निकालाचं सूत्र साधं आहे. नदी हळूहळू सरकली, कण कण माती इकडची तिकडं झाली, तर हद्द नदीबरोबर सरकते. नदीनं एकदम उडी मारली तर हद्द जुन्या पात्रातच राहते, पाणी असो नसो.

हेच सूत्र आपल्याकडं पण आहे, नवीन काय नाही. बंगाल इलाख्यात १८२५ चा एक नियम होता, मळईच्या आणि कापून गेलेल्या जमिनीचा. हळूहळू साचलेली माती ज्याच्या काठाला लागली त्याची, पण नदीनं अचानक पात्र बदलून ओळखू येणारं रान तोडलं तर ते मूळ मालकाचंच. त्याच्याही आधी रिवाज बघायचा, तिकडं खोल धार ती हद्द असा रिवाज होता, धारधुरा म्हणायचे. प्रश्न येतो तो असा की पुराला हळूहळू म्हणायचं का एकदम? माझं साडेसात गुंठं एका आठवड्यात गेलं. पण नदी तशी चाळीस वर्षं आमचा काठ खातच होती. आता सांगा, कुठल्या कलमात बसवायचं!

उत्तरेत गंगा आणि घाघरा अशाच सरकायच्या आणि बलिया जिल्हा विरुद्ध पलीकडचा बिहार अशी लाठ्या-काठ्यांची भांडणं व्हायची, कारण खोल धार ज्या बाजूला जाईल त्याप्रमाणं गावंच्या गावं राज्य बदलायची. शेवटी पार्लमेंटनं १९६८ ला कायदा केला, बिहार आणि उत्तर प्रदेशची हद्द जमिनीवर ठरवून खांब रोवायचे, मग नदी कुठंही भटकू दे. यमुनेचं पण तेच, हरियाणा आणि उत्तर प्रदेशसाठी १९७९ चा कायदा. म्हणजे धारेवर भरवसा नाही हे देशानं दोनदा कबूल केलंय. राज्यांची हद्द असली तर पार्लमेंट लागतं, घटनेचं कलम तीन. कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, कर्नाटक सुरू, कोरोनात तिथं नाक्यावर रिपोर्ट दाखवून लोक घामाघूम झाले ते सगळ्यांना आठवत असेल. सीमाप्रश्नात मी पडत नाही, तो २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे आणि माझ्या साडेसात गुंठ्यांनी त्यात भर नको.

पण जिल्ह्याची हद्द बदलायला पार्लमेंट लागत नाही. आपल्या जमीन महसूल संहितेत, १९६६ ची, कलम चार आहे, राज्य सरकार राजपत्रात जाहीर करून जिल्हा, तालुका, गाव ठरवतं. आणि इथं आपली पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी आहे, हे मला वाचता वाचता कळलं. तिकडं रेघ सांगतात, आपल्याकडं नावं सांगतात. अमुक तालुके, अमुक गावं मिळून जिल्हा. चंदगड तालुका १९५६ ला बेळगाव जिल्ह्यातनं कोल्हापुरात आला तो असाच, कायद्यात लिहिलं चंदगड तालुका वगळून, बस, कुठला दगड कुठला ओढा काही नाही. मग रेघ कुठं असते? रेघ असते कडेच्या गावांच्या नकाशात. गावचा नकाशा कशावर उभा, तर सर्व्हे नंबरांवर. म्हणजे जिल्ह्याची हद्द म्हणजे शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी रानाची उत्तरेची बाजू. ती बाजू नकाशात कधीकाळी मोजणीला आलेल्या माणसानं तेव्हाच्या नदीला बघून काढलेली. आणि नदी? कलम वीस प्रमाणं नदीचं पात्र सरकारचं. म्हणजे माझं रान पाण्याखाली गेलं की ते माझं का सरकारचं, यावर वकील लोक एका तासात तीन मतं देतात, फी एकच घेतात.

संहितेत सीमाचिन्हाची व्याख्या वाचून मात्र मी खूश झालो. दगड, मातीचा ढीग, कुंपण, न नांगरलेली पट्टी, नैसर्गिक असो का माणसानं केलेली, अधिकाऱ्यानं हद्द म्हणून ठरवली की ती कायद्यानं हद्दीची खूण. आपला बांधावरचा घायपात सुद्धा यात बसू शकतो! आणि ती खूण सांभाळायची जबाबदारी जमीनधारकाची. म्हणजे तो दगड दोन पुरांच्या गाळात गेला आणि मी कधी उकरून बघितला नाही, यात माझी पण चूक आहेच, कबूल. शेजारची पाणंद ज्यांनी नांगरली त्यांनी पण हे कलम वाचावं. ट्रॅक्टर आल्यापासून बांध दर वर्षी वीतभर बारीक होतोय, पूर्वी बैलाला तरी बांध कळायचा.

इंग्लंडात हद्दी नकाशावर घेताना सर्व्हेवाल्यांबरोबर गावातली जाणती माणसं फिरायची, हद्द कुठनं जाते ते पायानं चालून दाखवायला. १८४१ च्या कायद्यानं त्यांना तसं नेमलेलं. त्यांच्या नकाशावर हद्दीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, प्रवाहाचा मध्य, नाहीतर कुंपणाच्या मुळापासून चार फूट. नुसती रेघ नाही, रेघ कशाला धरून आहे ते पण. आपल्याकडं हे काम गावातल्या महार वतनदारांकडं असायचं, शीव कुठली हे त्यांनी सांगायचं, शिवेच्या कज्ज्यात त्यांची साक्ष मोठी. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याच शब्दावर गावाची शीव ठरायची, आणि ती माहिती कुणी लिहून ठेवली नाही. आमच्या गावात आता आबा एकटे उरलेत.

साहेब, माझी मागणी फार नाही. गावचे नकाशे आता ऑनलाइन मिळतात, चांगलं आहे, पण त्या नकाशाला शब्द नाहीत. कडेच्या गावांची तरी हद्द साध्या मराठीत लिहून टाका, शिवेच्या या दगडापासून त्या विहिरीपर्यंत, तिथून पात्राच्या मधोमध, आणि हे मधोमध कुठल्या सालच्या पात्राचं ते पण लिहा. सगळं भांडण त्या एका सालावर आहे. दगडांचे आकडे रोव्हरनं घेऊन त्याला जोडा, म्हणजे दगड गाळात गेला तरी जागा जात नाही. आणि वारणा, कृष्णा, दूधगंगा जिथं हद्द आहेत तिथं मोठा पूर येऊन गेला की दोन्हीकडच्या मोजणीवाल्यांनी एकाच दिवशी यावं, मशीन त्यांचं असो का यांचं. एका काठावरनं नदी मोजणं म्हणजे एका बाजूनं भाकरी भाजण्यासारखं आहे.

आमचा एकत्र मोजणीचा अर्ज दोन्हीकडं दिलाय, आत्तेभावाची सही घेऊन, पोच माझ्याकडं आहे. पाऊस तोंडावर आलाय, बंधाऱ्याचे बरगे काढायला सुरुवात झाली, एकदा पाणी चढलं की दिवाळीपर्यंत मळी दिसणार नाही. आपल्या पेपरात चार ओळी आल्या तर त्याच्या आत तारीख मिळंल अशी आशा आहे.

आपला,
वारणाकाठचा एक वाचक,
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

ता. क. उकरलेल्या दगडाला पोरांनी चुना लावलाय आणि भोवती विटांचं कडं केलंय. परवा बघितलं तर कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलेलं. आता तो दगड हलवायची कुणाची छाती नाही.